डाव्या बाजूची झोप

सतराव्या दिवशी सकाळी सव्वानऊला भर समुद्रातून रेवतीचा दोन दिवस न लागलेला फोन लागला आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "मेल्या!"

पाठोपाठ "शिरा पडो तुझ्या तोंडार" आलं, "वशाड पडो" आलं, "आवशीचो घोव" आला, आणि त्यापुढे जे आलं ते छापण्याची इथे सोय नाही. पुण्यात बाणेरला 'अनिमिष' कंपनीची काचेची इमारत आहे. तिच्या नियंत्रण कक्षात त्या वेळी बारा-पंधरा माणसं उभी होती. आधी सगळे दचकले, मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग काय, सगळ्यांनाच मोकळीक मिळाली.

"मालवणी माणूस! यांचं प्रेमसुद्धा शिवीतूनच यायचं," एकजण म्हणाला. मालवणी माणसाबद्दल हे एवढं एक वाक्य पुण्यात सगळ्यांना पाठ असतं.

शामल तोडणकर हसली नाही. ती रेवतीची आई. मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारणारी बाई. वीस वर्षं गर्दीतले आवाज ऐकून तिचा कान असा तयार झाला होता, की कोण खरंच माल उचलणार आणि कोण नुसता घसा साफ करतोय ते तिला न बघता कळायचं. शिव्यांचं तिला काय कौतुक? लेकीच्या निम्म्या शिव्या तिच्याच तोंडच्या होत्या. पण शिवीला मागे-पुढे काहीतरी असतं. मेल्या, दोर सोड. मेल्या, खंय होतंस? इथे मागेही काही नव्हतं आणि पुढेही. नुसती शिवी, मग शिमग्याच्या गाण्याची एक ओळ, मग परत शिवी. आणि होडीवर तर रेवतीशिवाय चिटपाखरू नव्हतं. मग ही पोरगी शिव्या घालत होती कुणाला?

"रेवू, जेवलंस काय गो?" शामलने विचारलं.

"मेल्या," रेवती म्हणाली.

ठरलेली दहा मिनिटं संपली आणि फोन बंद झाला.

"शामलताई, घाबरू नका," डॉक्टर सारंग भागवत जवळ येऊन म्हणाले. या सगळ्या प्रयोगाचे प्रमुख तेच. चाळिशीचे, गोड बोलणारे, माणसाला 'ताई' म्हणून गार करणारे. "वेळापत्रक जरासं पुढे सरकलंय. उजवी पाळी चालू आहे, एवढंच."

उजवी पाळी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं.

डॉल्फिन पूर्ण कधीच झोपत नाही. पूर्ण झोपला तर श्वास घ्यायला वर कोण येणार? म्हणून तो मेंदूचा एक अर्धा भाग झोपवतो आणि दुसऱ्याला पहाऱ्यावर ठेवतो. थोड्या वेळाने अदलाबदल. माणसाला हे जमत नाही. पण माणसाच्या मेंदूतही दोन अर्धगोल आहेत, आणि प्रत्येकाच्या मुळाशी झोपेचं दार उघडणारी-मिटणारी एक गाठ आहे. 'अनिमिष'ने तिथवर पोचणारा एक पट्टा बनवला. कपाळावरून, कानांवरून जाणारा, हनुवटीखाली बक्कल. कानाला ऐकू न येणारे बारीक ध्वनितरंग कवटीतून आत सोडून तो एका बाजूची गाठ मिटवतो. ती बाजू गाढ झोपते, दुसरी जागी राहते. चार तास डावी, चार तास उजवी, आणि मधे एक तास दोन्ही जाग्या. पट्ट्याचं नाव त्यांनी ठेवलं 'जागल्या'.

आता मेंदूच्या या दोन बाजू काही जुळ्या बहिणी नव्हेत. बहुतेकांची वाक्यं डाव्या बाजूत तयार होतात. ती झोपली की माणसाला दिशा कळते, वारा कळतो, चेहरा कळतो, डावा हात चालतो; उजवं अंग डाव्या बाजूच्या ताब्यातलं, ते मंदावतं. पण वाक्य जुळत नाही. मात्र जे शब्द जुळवावे लागत नाहीत, अख्खेच्या अख्खे तोंडात बसलेले असतात, ते उजवी बाजूही बाहेर काढू शकते. पक्षाघाताने वाचा गेलेला माणूस पाणी मागू शकत नाही, पण आरती धडाधड म्हणतो आणि शिवी तर सणसणीत हासडतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तेव्हा उजव्या पाळीत, म्हणजे डावी झोपलेली आणि एकटी उजवी जागी असताना, रेवतीने गाणी म्हणावीत आणि शिव्या द्याव्यात यात काही नवल नव्हतं. कंपनीच्या यंत्रात या सगळ्याला एकच नाव होतं, 'भावनिक गोंगाट'. तो नोंदीतून आपोआप गाळला जायचा.

रेवती सतरा वर्षांची. बाप दीनानाथ किल्ल्यावर माणसं नेणारी होडी चालवायचा, त्याने तिला सहाव्या वर्षी सुकाणू धरायला शिकवलं. तिला मालवणहून मोम्बासाला जायचं होतं, एकटीने, शिडावर, थंडीतल्या ईशान्य वाऱ्यानं. तेवीसशे सागरी मैल, चोवीस-पंचवीस दिवस. होडीचं नाव 'तारली'. होडी 'अनिमिष'ने दिली होती आणि बदल्यात पट्टा घालायचा होता. रेवतीला होडी हवी होती, पट्टा नको होता. ती म्हणायची, पूर्वीचे एकटे खलाशी जायचे तशी जाईन. गजर लावायचा, वीस मिनिटं झोपायचं, उठून चहूकडे बघायचं, परत झोपायचं. कंपनीही अखेर म्हणाली होती की पट्टा ऐच्छिक ठेवू, जाहिरातीला होडी पुरे. अडून बसली ती शामल. मुलगी अज्ञान, सही आईची लागणार होती.

"वीस मिन्टा!" ती ओरडली होती. "वीस मिन्टात तीनशे मीटरचा जहाज तुझ्या अंगावरसून जायत नि तेका कळाचा पण नाय. पट्टो घालशीत तर जा. नायतर नाय."

"माझ्या डोक्यात कोण बसूक नको, आये."

"डोक्यात कोण नको, बोटीर कोण नको! मगे तुका बघतलो कोण?"

आठ दिवस मायलेकी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी रेवतीने पट्टा घालून दाखवला आणि शामलने सही केली. त्या दिवशी ती देवळात नारळ देऊन आली.

अठराव्या दिवशी, रविवारी, पुन्हा शिव्याच आल्या.

आता शामल गप्प बसणारी नव्हती. तिने भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं. पहिले दोन आठवडे तिथे दोन रेघा असायच्या, डावीची निळी आणि उजवीची केशरी. एक वर जायची तेव्हा दुसरी खाली. आता तिथे एकच आकडा होता. 'सजगता ९४'. खाली होडीवरून तासातासाला येणारे फोटो होते. ते तिने एकेक करून बघितले. एकात रेवती जेवत होती, डाव्या हाताने. त्याआधीच्यात दोर बांधत होती, डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर पडलेला. प्रत्येक फोटोत उजवी पापणी खाली आलेली. तिने मागे मागे जात गुरुवारपर्यंतचे सगळे फोटो बघितले. उजवा डोळा कशातच उघडा नव्हता.

ती तडक भागवतांच्या खोलीत शिरली.

"माझी पोरगी चार दिवस डाव्या हाताने जेवतेय, डॉक्टर."

भागवतांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. त्यांनी काही लपवलंच नाही, आणि शामलला पुढे सगळ्यात जास्त संताप आला तो याचाच. बाईला काय कळतंय, असं धरून ते अगदी आपुलकीने समजावत बसले.

"त्याचं काय झालं, चौदाव्या दिवशी तिचा एक निरोप आला." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. निरोप रेवतीचाच होता. 'डोकं ठणकतंय. संध्याकाळी पट्टा काढणार आहे. आजपासून गजर लावून झोपेन. कुणी विचारलं तर सांगा, रेवती नाही म्हणाली.'

"मग?"

"मग आम्ही विचार केला. मोहीम अर्ध्याच्या पुढे गेलेली. पट्टा निघाला असता तर दोन वर्षांचं काम पाण्यात. आणि खरं सांगू? उजव्या पाळीत ती होडी किती सुरेख हाकते! वारा बदलायच्या आत शीड फिरवते. डावी बाजू जागी असली की शंका काढते, कंटाळते, हिशेब करते. नाही म्हणते. म्हणून डावीची झोप जरा लांबवली. करारात वैद्यकीय निर्णयाचं कलम आहे."

"म्हणजे नाही म्हणणारी तेवढी निजवलात."

"असं कसं म्हणता? ती मजेत आहे. मोम्बासा आलं की आपण तिला उठवूच. सहा दिवसांचा तर प्रश्न."

"आणि नाही उठली तर?"

भागवतांनी कपातला चमचा उगाच फिरवला. "इतके दिवस कुणा माणसाला ठेवलेलं नाही, हे खरंय. पण उंदरांमध्ये बहुतेकांची जाग परत आली. जितके दिवस जास्त, तितका वेळ लागतो, इतकंच."

बहुतेकांची. शामलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस तिच्या पोरीची वाचा, तिचं ठरवणं, तिचं नाही म्हणणं उंदरांच्या भरवशावर सोडून चहा ढवळत बसला होता. आणि त्याच्या टेबलावर एक रंगीत पत्रक पडलं होतं; त्यावर ट्रकवाला, ट्रॉलरवरचा तांडेल आणि सोसायटीचा रखवालदार असे तिघे पट्टा घालून हसत उभे होते. कधी न झोपणारा आणि कधी तक्रार न करणारा माणूस. समुद्र, विक्रम, मुलीचं धाडस, सगळं त्या पत्रकासाठी होतं.

"आत्ता उठवा तिला," ती म्हणाली.

"ते माझ्या एकट्याच्या हातात नाही."

"मग ती स्वतः का काढत नाही? बक्कल तर हनुवटीखाली आहे."

"काढावं असं ठरवायला हवं ना कुणीतरी. ठरवणारी बाजू झोपलीय." भागवत आता जरा कोरडे झाले. "आणि उद्याच्या फोनवर पट्ट्याचं नाव काढू नका, ताई. फोन लगेच तोडावा लागेल. अर्धवट झोपेत तिला भलतंसलतं सांगणं धोक्याचं आहे."

शामलने बाहेर येऊन मालवणला नवऱ्याला फोन लावला. दीनानाथने सगळं ऐकून घेतलं आणि घसा खाकरला.

"डॉक्टर शिकलेलो माणूस, शामल. सा दिसांचो प्रश्न. आख्खो मालवण वाट बघता तिची."

"मालवणाक शिरा पडो," शामल म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करताना तिला सुचलं. अर्धी घागर अंगावर, अर्धी हातात, अशी ती तशीच उभी राहिली. गाणी राहिलीत, शिव्या राहिल्यात. जे पाठ आहे ते राहिलंय. मग आणखी काय पाठ आहे या पोरीला? मी तिच्या डोक्यात काय काय कोंबलंय?

सव्वानऊला फोन लागला. कक्षात सगळे होते. भागवत दाराशी हाताची घडी घालून उभे, आणि फोन जोडणाऱ्या बाईचं बोट तोडायच्या बटणावर.

"मेल्या," रेवती म्हणाली. आवाज कालच्यापेक्षा सपाट होता. गाणं आलं तेही अर्ध्यावर तुटलं.

शामल उठून उभी राहिली. तिने पदर खोचला, आणि लिलावात वाऱ्याच्या वर चढवायची तो आवाज काढला. काचा थरथरल्या.

"गो रेवत्ये! खंय उंडारतंस गो सकाळपासून? नि ती घाणेरडी चुंबळ घेवन घरात शिरतंस? आदी चुंबळ काड! काड म्हणतंय ना! उंबऱ्यार पाय ठेवशीत तर तंगडी मोडीन! काड ती चुंबळ नि भायर टाक!"

बटणावरचं बोट हललं नाही. त्या बाईने भागवतांकडे बघितलं. भागवतांनी खांदे उडवले. आई मुलीला शिव्या देतेय, देऊ दे. गोंगाट.

चुंबळ म्हणजे मासळीच्या पाटीखाली डोक्यावर ठेवायची फडक्याची वळी. पाटीतलं पाणी पिऊन पिऊन ती अशी काही घमघमते की विचारू नका. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत रेवती शाळा सुटली की किनाऱ्यावरून पाटी आणायची, पाटी अंगणात टाकायची आणि डोक्यावरची चुंबळ विसरून सरळ घरात घुसायची. तोडणकरांच्या घरात देवाच्या खोलीवरून आत जावं लागतं; चुंबळ उंबऱ्याबाहेरच निघाली पाहिजे, हा शामलच्या सासूचा नियम. तेव्हा सात वर्षं, रोज, याच शब्दांत, याच चालीत ही आरडाओरड व्हायची. रेवतीचा हात पुढे पुढे ऐकायच्या आधीच डोक्याकडे जायचा.

फोनवर नुसता पाण्याचा आवाज. शामलने पुन्हा ओरडून तेच म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग तिसऱ्यांदा. तिचा घसा फाटत आला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने ती पोरीची तंगडी मोडायला निघाली होती.

"काडतंय गो!" रेवती वैतागून ओरडली. सात वर्षं ती हेच उत्तर द्यायची.

फोनवर काहीतरी खटकन वाजलं. भिंतीवरचा आकडा ९४ वरून शून्यावर आला.

कक्षात एकच गोंधळ उडाला. भागवत धावत आले. त्यांचा गोडवा कुठल्या कुठे गेला होता.

"काय सांगितलंत तुम्ही तिला? चुंबळ म्हणजे काय?"

"आमच्या घरची रीत आहे," शामल म्हणाली, आणि खुर्ची ओढून फोनसमोर बसली. तिला उठवायला दोघेजण आले. तिने त्यांच्याकडे असं बघितलं की ते परत गेले.

पुढच्या फोटोत पट्टा होडीच्या तळाशी पडलेला होता आणि रेवती शेजारी अंगाचं मुटकुळं करून झोपली होती. दोन्ही डोळे मिटून. त्यापुढच्या फोटोत तशीच. शीड वाऱ्याला सोडलेलं, होडी नुसती डुलत होती. बारा वाजले, दोन वाजले. कुणी शामलला जेवायला विचारलं नाही आणि तिनेही मागितलं नाही. ती मनातल्या मनात भागवतांना, कंपनीला, नवऱ्याला आणि स्वतःला ओळीने शिव्या घालत होती. स्वतःपाशी आली की थांबायची. तिथे शिवी पुरी पडत नव्हती.

साडेचारला फोन वाजला.

"आये," रेवती म्हणाली. जीभ जड होती. "आज वार खयचो?"

शामल फोनवर वाकली. "सोमवार, बाय."

"खोटा सांगतंस. आज बुधवार."

"सोमवार गो."

"उजवो हात बधिर आसा माझो. काय झाला माका?"

शामलने सांगितलं. भागवत समोर उभे असताना, त्यांच्या तोंडावर, सगळं सांगितलं. चौदाव्या दिवसाचा निरोप, लांबवलेली झोप, उंदीर, पत्रकावरचे तिघे. फोन जोडणाऱ्या बाईचं बोट तोडायच्या बटणावर होतं, पण या वेळी त्या बाईने भागवतांकडे बघितलंच नाही.

"रेवती," भागवत पुढे झाले, "मोहीम थांबलीय आता. सहा तासांवर एक मालवाहू जहाज आहे, ते तुला उचलून घेईल. तू दमलीयस—"

"नाही," रेवती प्रमाण मराठीत, स्वच्छ म्हणाली. "मी जहाजावर चढणार नाही."

"तू अज्ञान आहेस. हे तुझी आई ठरवेल." त्यांनी एक कागद शामलसमोर ठेवला आणि वर पेन ठेवलं.

"आये," रेवती म्हणाली. आता आवाज चढला होता, पण शिवी एकही नव्हती. "त्या डॉक्टराक मी मगे बघतलंय. पण पट्टो माका घातलो कोणी? तू घातलंस. मी नको म्हणत होतंय. आठ दिस नको म्हटलंय. तू म्हटलंस, पट्टो नाय तर सही नाय. माझे पाच दिस गेले, आये. समुद्र होतो, वारो होतो, होडी मीच हाकी होतंय, नि मी थय नव्हतंय. ते पाच दिस माका कोण देतलो?"

तुझ्या भल्यासाठी केलं, हे वाक्य शामलच्या ओठांवर आलं. आयांच्या ओठांवर ते नेहमीच आलेलं असतं. तिने ते गिळलं.

"होय," ती म्हणाली. "मीच घातलंय."

"ऐकताय ना, किती अस्वस्थ आहे ती?" भागवत हळूच म्हणाले. "सही करा, ताई. उद्या सकाळी ती सुरक्षित असेल. राग काय, आज ना उद्या जाईल."

आणि खरं सांगायचं तर शामलने पेन उचललं. या माणसाचा कितीही संताप आला तरी त्याचं हे एक वाक्य तिच्याच पोटातलं होतं. साडेचारशे मैल बाकी, जहाजांची वाट, अर्धा बधिर हात, आणि पोर वीस-वीस मिनिटं झोपणार. रागावली तर रागावली, जिवंत तर राहील. दीड महिन्यापूर्वी याच हिशेबाने तिने सही केली होती.

"निजतलंस कशी?" तिने विचारलं.

"गजर लावन. बाबांवांगडा शिकलंय ता. तुका सांगलेला, तू ऐकूकच तयार नव्हतंस."

"नि जहाज इला तर?"

"तर उठान बघीन. माझो जीव माका नको काय?"

शामलने पेन खाली ठेवलं. कागद उलटा करून भागवतांकडे सरकवला.

"ती नाही म्हणालीय," ती म्हणाली. "दोनदा म्हणालीय. आता तरी ऐका."

"नि मोम्बासाक पोचल्यार पयलो फोन तुका करीन असा समजा नको," रेवती तिकडून म्हणाली.

"करू नको. पोच."

फोन रेवतीनेच ठेवला.

त्याच संध्याकाळी करार संपल्याचं सांगून कंपनीने होडीवरचा फोन आणि कॅमेरा बंद केला. संकटात दाबायचं सरकारी यंत्र तेवढं होडीवर राहिलं. ते वाजलं तर वाईट बातमी, नाही वाजलं तर काहीच बातमी नाही. शामल मालवणला परतली आणि पहिली पोलिसांत गेली. हवालदाराने तक्रार लिहायला घेतली. गुन्हा नेमका कुठे घडला, असं त्याने विचारलं. "माझ्या लेकीच्या डोक्यात," ती म्हणाली. त्याने पेन थांबवून तिच्याकडे बघितलं, आणि तसंच लिहिलं. तिने तक्रारीत दुसरं नावही घालायला सांगितलं, पट्ट्याचा आग्रह धरणारी म्हणून स्वतःचं. तसा रकाना नाही, असं तो म्हणाला.

सहा दिवस ती लिलाव पुकारत राहिली. गिऱ्हाइकं म्हणायची, बाईच्या तोंडाला हल्ली फार धार आलीय. दीनानाथ तिच्यासमोर जेवायला बसत नव्हता. ताट घेऊन होडीवर जायचा.

सातव्या दिवशी सकाळी लिलाव ऐन भरात असताना तो पुळणीतून धावत आला. एका हातात फोन, दुसरा हात वर.

"पोचली! शामल, पोचली! मोम्बासाक आसा! अर्धो तास बोलली माझ्याशी!"

सगळा किनारा ओरडला. शामल बांगड्यांच्या टोपल्या ओलांडत त्याच्याकडे गेली आणि हात पुढे केला.

"दी माका."

दीनानाथने फोन छातीशी धरला. त्याचा चेहरा पडला.

"ती..." तो चाचरला. "ती तुझ्याशी बोलाक नाय म्हणता."

"काय म्हणता?"

"नाय म्हणता."

"तिच्या तोंडान म्हटल्यान? कसा म्हटल्यान, तसाच सांग."

दीनानाथने मान खाली घातली. "म्हणाली, 'आयेशी मी आज बोलूचंय नाय. तिका सांगा, राग गेलो की माझो मीच फोन करतलंय. आणि तोपर्यंत तिने करू नको.'"

शामल वाळूत बसली. खवल्यांनी भरलेले दोन्ही हात तिने तोंडावर धरले. लोकांना वाटलं, बाई रडतेय, आणि ती रडतही होती. एवढं लांबलचक वाक्य. त्यात आज होतं, पुढे होतं, तोपर्यंत होतं, राग होता, आणि सगळ्यात आधी नाही होतं.

"परत सांग," ती म्हणाली.

दीनानाथने परत सांगितलं.